नवसाचं जुळं

आमच्या गावात पोर होण्याचे दोनच मार्ग मान्य आहेत. एक संसार आणि दुसरा नवस. तिसरा मार्ग सांगलीला विश्रामबागेत आहे. तिथे पहिल्या मजल्यावर गोऱ्यापान, गुटगुटीत बाळांचे फोटो लावलेत, आणि विट्याच्या आसपासची किती घरं तो जिना चढून आली ते त्या जिन्यालाच ठाऊक. गावात परतल्यावर मात्र कुणीच तिथे गेलेलं नसतं. सगळे कुणा पाहुण्याच्या ऑपरेशनला गेलेले असतात.

मी नीलिमा. उपकेंद्रात नर्स आहे, अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत गावातल्या बहुतेक बायकांच्या दंडाला माझ्या बीपीच्या मशीनचा पट्टा लागलाय आणि बहुतेक घरांनी मला एक तरी थाप मारलीय. थापांचं मला फारसं काही वाटत नाही. पण राहीबाईंचा राग मला आजही आहे, आणि तो मी लपवणार नाही.

राहीबाई म्हणजे सुभेदार नाथाजीरावांची बायको. सुभेदारांनी फौजेत तीस वर्षं हुकूम सोडले आणि घरी आल्यावर तोंडाला कुलूप लावून पेपर वाचत बसले. मुलगा जयराज कोईमतूरला गलाईचं दुकान चालवतो, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करायचा धंदा. सून अंकिता वडूजची, बीएस्सी झालेली, वय चौतीस. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. तपासण्या झाल्या तेव्हा खोट जयराजमध्ये निघाली. तो कागद राहीबाईंनी कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवला आणि सुनेला टोमणे मारायचं काम पूर्वीसारखंच चालू ठेवलं.

मग एके दिवशी अंकिताला दिवस गेले. जुळं होतं. राहीबाईंनी गावभर सांगितलं की गावदेवीला अकरा मंगळवार अनवाणी गेले, आईनं एकाच्या जागी दोन दिले. देवळाला पितळी घंटा बांधली, घंटेवर सुभेदारांचं नाव घातलं. पुजाऱ्याचा भाव वाढला. लांबच्या गावाहून बायका त्या घंटेला हात लावायला येऊ लागल्या. मला हसू यायचं, कारण तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवायला अंकिता उपकेंद्रात आली तेव्हा तिच्या पोटावर सुया टोचल्याचे निळे-काळे डाग मी पाहिले होते. कुठलाही नवस पोटावर सुया टोचत नाही.

"सांगलीला केलं न्हवं?" मी विचारलं.

तिनं हात जोडले. "सिस्टर, कुणाला बोलू नका. यांच्या इज्जतीचा प्रश्न हाय. आत्या मला घरात ठिवायच्या न्हाईत." सासूला ती आत्या म्हणते.

नवऱ्याची इज्जत वाचवायची जबाबदारीही तिच्याच पदरात. मी नाही बोलले. जुळं असल्यामुळे तिचं नाव तसंही जोखमीच्या यादीत गेलं, त्यामुळे सांगलीचा विषय काढायची वेळ आली नाही. पण तिला समोर बसवून मी नीट सांगितलं. पहिली खेप, जुळं, वय चौतीस आणि गर्भ दवाखान्यात तयार करून पोटात ठेवलेला. अशा बाईचं बीपी सहाव्या महिन्यानंतर एकाएकी उसळू शकतं. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, छातीखाली कळ आली, तोंड सुजलं, तर घरात कुणाला विचारत बसायचं नाही, सरळ माझ्याकडे यायचं. सांगलीच्या डॉक्टरनं रोज रात्री घ्यायला एक बारीक गोळी दिली होती, ती याच धोक्यासाठी होती. एकही दिवस चुकवायची नाही, असं मी तिला बजावलं.

सहाव्या महिन्यात मी तिच्या घरी गेले तेव्हा ती गोळी बंद होती. ती राहीबाईंनी बंद केली होती. का, तर सुभेदारांच्या हृदयात तीन वर्षांपूर्वी स्प्रिंग बसवली आणि त्यांना तीच गोळी चालू आहे. राहीबाईंनी दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून नाव जुळवून पाहिलं होतं. चौथी शिकलेल्या बाईनं इतक्या काळजीनं आयुष्यात दुसरं काही वाचलं नसेल.

"ही म्हाताऱ्याच्या काळजाची गोळी," त्या मला म्हणाल्या. "रगत पातळ करती. माज्या नातवांचं रगत पातळ करायचंय व्हय?"

"काकी, डॉक्टरनं इचार करूनच दिलीय ती."

"कुठल्या डॉक्टरनं?"

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. शेजारच्या सुलाबाई तिथेच शेंगा सोलत बसल्या होत्या आणि त्यांचे हात थांबले होते. सांगली म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. अंकिता भिंतीला टेकून उभी होती, नजरेनं मला नको म्हणत होती. विषय सोडून मी पिशवी उचलली. परत येताना वाटेत स्वतःलाच शिव्या घातल्या, त्याचा कुणाला काही उपयोग झाला नाही. मग फोनवरून अंकिताला गोळी चोरून घे म्हणून सांगितलं. ती हो म्हणाली. पाकिटं आत्यांच्या कपाटात होती.

सातवा लागला आणि डोहाळजेवण ठरलं. आमच्याकडे आता डोहाळजेवण म्हणजे लग्नाच्या वरताण असतं. शाळेमागच्या पटांगणात मांडव, चंद्रकोरीचा झोपाळा, ड्रोनवाला, आणि वेशीत फ्लेक्स. फ्लेक्सवर वर देवी, खाली अंकिता, आणि मध्ये 'आईच्या कृपेने' असं सोनेरी अक्षरात. जयराज चार दिवसांची सुट्टी काढून कोईमतूरहून आला होता आणि दोन बोटांत पाच अंगठ्या घालून फिरत होता.

त्या दिवशी सकाळी मी मुद्दाम तिच्याकडे गेले. कासारीण चुडा भरायला बसली होती. हात इतके सुजले होते की साबण लावूनही बांगडी चढत नव्हती. अंकिताचं तोंड फुगलेलं, डोळे बारीक झालेले.

"बगा की, कसलं त्याज आलंय," राहीबाई म्हणाल्या.

मी पट्टा बांधला. एकशे सत्तर, एकशे दहा. पुन्हा घेतलं, तेवढंच. लघवी तपासली, त्यात नको तेवढं प्रथिन उतरलेलं. अंकिता म्हणाली, डोकं रात्रीपासून ठणकतंय आणि डोळ्यांपुढे बारीक चांदण्या येतात.

"काकी, हिला आत्ताच्या आत्ता सांगलीला न्यायला पायजे. हिचं बीपी जिवावर बेतणारं हाय."

"चार वाजता झोपाळा हाय. सहाला जाऊ."

"सहापतूर काय झालं म्हंजे?"

"काय हुतंय? आमाला न्हाई झाली पोरं? माजं तर पाय हत्तीवानी सुजलं हुतं, आनि दुसऱ्या दिशी शेतावर गेल्ते मी." मग आवाज खाली आणून, "पाचशे मानूस सांगितलंय, नीलिमाबाई. आनि बीपीचं कारन काय सांगू लोकास्नी?"

मी जयराजला गाठलं. त्याला सगळं माहीत होतं, सांगलीच्या कागदांवर त्याच्या सह्या होत्या. तो म्हणाला, "आई म्हनती तसं करू." सोनं किती तापावर वितळतं एवढं याला कळतं, आणि बायको वितळायला लागलीय हे कळत नाही. सुभेदारांकडे गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि राहीबाईंकडे बघितलं. मी बीपीची गोळी दिली, ती माझ्यासमोर अंकिताला गिळायला लावली, विट्याच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ताबडतोब पाठवा. एकशेआठला फोन केला तर राहीबाईंनी फाटकातून गाडी परत पाठवली. पेशंट नाही, फोन चुकून लागला, म्हणाल्या. ड्रायव्हर बिचारा निघून गेला.

मग मी उपकेंद्रात जाऊन झटका आला तर द्यायचं इंजेक्शन पिशवीत घातलं आणि आमंत्रण नसलेल्या पाहुणीसारखी मांडवाच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. माझ्याकडे बघून दोघी-तिघी कुजबुजल्या. मी हलले नाही.

साडेचारला अंकिता झोपाळ्यावर बसली. फुलांचे दागिने, डोक्यावर मुकुट, हातात धनुष्यबाण. तिला फोटोवाला हसायला सांगत होता आणि ती उजेडाकडे बघू शकत नव्हती. मग झाकलेल्या वाट्या आल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, असा तो खेळ. दोन बाळं म्हणून दोनदा वाटी उचलायची होती. अंकितानं दोन्ही वाट्या उघडल्या आणि दोन्हींत पेढे निघाले. बर्फी मुळात आणलेलीच नव्हती, हे मला आचाऱ्याच्या बायकोनं नंतर सांगितलं. मांडवात टाळ्या पडल्या.

टाळ्या चालू असतानाच अंकिताचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. डोळे वर गेले, दातखीळ बसली, सगळं अंग लाकडासारखं ताठलं. मग ती हिसके द्यायला लागली. मुकुट पडला, फुलं उडाली, केस सुटले.

"आई आली," तानुबाई ओरडल्या. "आई आली गं."

तानुबाई म्हणजे राहीबाईंची थोरली जाऊ. या बाईला दर मंगळवारी कुणाच्या ना कुणाच्या अंगात देवी दिसते. पण त्या दिवशी तिला तरी कसा दोष देऊ? देवीनं पोरं दिली असं चार-पाच महिने ऐकलेलं होतं, आता देवी स्वतः बघायला आली, याच्यात नवल काय? बायका उठल्या. कुणी हळदीकुंकू उधळलं, कुणी पदर पसरला. एकीनं नारळ आणला. सुलाबाई झोपाळ्यापुढे वाकून विचारत होत्या, "आई, दोन्ही पोरगंच न्हवं? बोल की आई."

मी बायकांना ढकलत आत घुसले. "सरका. देवी न्हाई, झटका आलाय. हिला कुशीवर वळवू द्या."

तानुबाईंनी माझा दंड धरला. "शिवू नगंस. तुमच्यात देवदेव न्हाई, तुला काय कळायचं त्यातलं?"

हे वाक्य मी अकरा वर्षांत वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलंय. एरवी त्याला माझ्याकडे उत्तर असतं. त्या वेळी उत्तर द्यायला वेळ नव्हता. मी राहीबाईंकडे पाहिलं. सबंध मांडवात एकच बाई अशी होती जिला पक्कं ठाऊक होतं की यात देवीचा काही संबंध नाही. तिनं नुसतं 'न्हाई' म्हटलं असतं तरी बायका मागे हटल्या असत्या.

"काकी, सांगा यास्नी," मी म्हणाले.

राहीबाईंच्या हातात ओटीचं ताट होतं. त्यांनी अंकिताकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, फोटोवाल्याकडेसुद्धा पाहिलं. आणि ताट घेऊन पुढे झाल्या. तोंडाला फेस आलेल्या, जिभेतून रक्त गळणाऱ्या सुनेची त्यांनी ओटी भरली. माझ्या आयुष्यात मी इतकं नीच काही पाहिलेलं नाही, आणि मी सरकारी दवाखान्यात नोकरी करते.

झटका थांबला. अंकिता घोरायला लागली. "आई शांत झाली," तानुबाई म्हणाल्या आणि माझा दंड सोडला. तेवढ्यात मी तिला कुशीवर वळवली, तोंड पुसलं, पिशवी उघडली. पुन्हा गलका झाला, सुई नको, आई कोपेल. तेव्हा सुभेदार बायकांच्या मांडवात शिरले. दोन बायकांना बखोट्याला धरून बाजूला केलं आणि माझ्यापुढे पाठ करून उभे राहिले. मी कमरेखाली दोन्ही बाजूंना इंजेक्शन दिलं. मग त्यांनी आणि जयराजनं तिला उचलून गाडीत घातली. सुभेदार हे सकाळी करू शकले असते. हे मी त्यांना गाडीत तोंडावर सांगितलं, आणि ते हो म्हणाले.

दुसरा झटका विट्याच्या अलीकडे आला. विट्यात औषध चालू करून पुढे सांगलीला पाठवलं. रात्री सिझर झालं. मुलगी अकराशे ग्रॅमची, मुलगा नऊशे. दोघांना काचेच्या पेटीत ठेवलं. अंकिता दोन दिवस शुद्धीत नव्हती. मुलगा दुसऱ्या दिवशी गेला.

चौथ्या दिवशी मी रजा टाकून सांगलीला गेले. अंकिता वॉर्डात खाटेवर टेकून बसली होती. जीभ चावल्यामुळे तिचा आवाज जड, घोगरा येत होता. मला बघून रडली नाही, सरळ विचारलं.

"सिस्टर, माज्या अंगात देवी आल्ती म्हनं. खरं सांगा, मी बोलले का तवा?"

"काय बोललीस म्हंतात?"

"आत्या म्हनत्यात, मी सगळ्यांम्होरं बोलले. एक तुमचं, एक माजं, म्हनले. माज्याच तोंडानं पोरगं दिऊन टाकलं."

माणूस आपली चूक झाकायला काय काय करतं ते मला माहीत आहे, पण हे माझ्याही हिशेबात नव्हतं. पोरगं गेल्याचं खापर फोडायला राहीबाईंना जागा हवी होती, आणि ती त्यांनी या पोरीच्या तोंडात शोधली होती. शुद्ध आल्यापासून ती हेच घोळवत पडली होती.

"तू एक शब्द बोलली न्हाईस," मी म्हणाले. "दातखीळ बसल्ती तुजी. कुनीच बोलू शकत न्हाई तसं. मी तुज्या तोंडाशी हुते. बीपी हुतं ते, अंकिता. गोळी चालू असती आनि सकाळी निघालो असतो तर कदाचित इतकं झालं नसतं. दिऊन टाकायचं तुज्या हातात काय नव्हतंच."

तिनं खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "अजून दोन हायत."

"काय?"

"विश्रामबागेत. गर्भ फ्रीजमदी ठिवल्यात. आत्या कालच यांना म्हनत हुत्या, दिवाळीनंतर परत ठिवू, आता पोरगंच व्हईल. ह्ये व्हय म्हनले."

इथल्या डॉक्टरांनी परवाच हिच्या घरच्यांना बजावलं होतं, आणि मलाही फोनवर सांगितलं होतं, की किडनीला मार बसलाय, एवढ्यात दुसरी खेप म्हणजे हिला मरायला पाठवणं. आणि ही माणसं दिवाळी ठरवत होती.

तेवढ्यात राहीबाई आल्या. सोबत तानुबाई आणि सुलाबाई, बाळाला काचेतून बघायला आलेल्या. वॉर्डातल्या इतर बायकाही माना वळवून ऐकू लागल्या. राहीबाईंनी खाटेशी उभं राहून पुन्हा तेच चालू केलं. "काय करायचं, आईनंच सांगितलं, एक माजं म्हनून. हिच्याच तोंडानं बोलली. आता नशिबात आसंल तर फुडच्या खेपंला दील."

अंकितानं डोळे मिटले. डोक्याचा रुमाल ओढून काढला, केस मोकळे झाले. मग ती हळूहळू डोलायला लागली. मला वाटलं, झटका येतोय, मी पुढे झाले. तिनं चादरीखाली माझं मनगट घट्ट धरलं. झटक्यातल्या हाताला अशी पकड नसते.

"राही," ती म्हणाली. त्या जड, चावलेल्या जिभेनं. सासूला नुसत्या नावानं.

तिन्ही बायका जागच्या जागी थिजल्या.

"माज्या दारात मागितलंस. मी दिलं. एक ठिवलं, एक नेलं." ती डोलत होती. "आता पोरगं मागायला दुसऱ्याच्या दारात जाशील तर ठिवलेलं बी नीन. हिला बी नीन. तुज्या ल्योकाला बी न्हाई सोडायची."

"आई, कुनाच्या दारात?" तानुबाईंनी हात जोडून विचारलं. मग जावेकडे वळल्या. "कुनाच्या दारात जाऊन आलीस गं तू, राहीबाई?"

राहीबाईंचं तोंड पांढरंफटक पडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सांगलीचं गुपित इथे आम्हा तिघींनाच ठाऊक होतं, त्यातली एक डोळे मिटून डोलत होती.

"सिस्टर," त्या पुटपुटल्या, "बीपी बगा की हिचं."

मी पिशवीतून मशीन काढलं. आमच्या घरात ना देव आहे ना देव्हारा. माझ्या बापानं, यल्लाप्पानं, आम्हाला अंगात येणाऱ्या बाईला आधी पाणी पाज आणि मग दवाखान्यात ने, एवढंच शिकवलं. अकरा वर्षं मी या गावात तेच सांगत घसा कोरडा केला. मी पट्टा बांधला, आकडा येईपर्यंत थांबले. एकशे तीस, ऐंशी.

"बीपी बरोबर हाय, काकी," मी म्हणाले. "ह्यो झटका न्हाई. देवीच हाय."

त्यांनी विश्वास ठेवला की नुसत्या घाबरल्या, ते मी सांगू शकत नाही. तानुबाई उत्तराची वाट बघत उभ्या होत्या, सुलाबाईंनी पदर पसरला होता, आणि समोरच्या खाटेवरची बाळंतीणसुद्धा उठून बसली होती.

"बोल, राही," अंकिता म्हणाली. "जाशील परत?"

"न्हाई आई, चुकलं. न्हाई जानार," राहीबाई म्हणाल्या, आणि नऊ वर्षं जिला वांझोटी म्हणत आल्या त्या सुनेच्या सुजलेल्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं.